‘हलवू नका’ एवढंच सांगितलं होतं

कतरीनबाय गेल्याची बातमी मला ज्यांच्या तोंडून कळली, त्यांच्या तोंडून ती कळायला नको होती. सकाळचा राउंड चालू होता. आमचे वैद्यकीय अधीक्षक पुरुषांच्या वॉर्डात एका खाटेपाशी थांबले, केसपेपर चाळला आणि मान वर न करताच मला म्हणाले, “सिस्टर, ती पापडी गावची बाई परवा गेली म्हणे. तुमच्या ओळखीची होती ना?” मी हो म्हटलं. “वाईट झालं. आपण एक छोटीशी शोकसभा घेऊ,” असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले, आणि मी ट्रे घेऊन त्यांच्या मागोमाग चालत राहिले. कतरीनबायच्या नणंदेने, फिलूने, त्या गेल्या त्याच दिवशी मला निरोप पाठवला होता. तो फाटकावरच्या पहारेकऱ्यापाशी राहिला. तो सांगायला विसरला. त्यांना माती दिली तेव्हा मी कापसाच्या घड्या घालत बसले होते.

या अधीक्षकांनीच काही वर्षांपूर्वी कतरीनबायना रुग्णालयाच्या आत यायला बंदी केली होती. त्या बंदीच्या कागदाला एक जबाब जोडलेला आहे, आणि त्या जबाबाखाली माझी सही आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला त्यांची जिवाभावाची मैत्रीण समजायला नको.

त्यांची माझी पहिली भेट आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी झाली. मी आगाशीहून रोज एसटीने वसईला नोकरीला यायचे, शिक्षण संपून दोनच वर्षं झाली होती. एका दुपारी पापडीच्या चार-पाच जणांनी दाराच्या फळीवर घालून एका माणसाला आणलं. हे कतरीनबायचे नवरे, इनास. स्वतःची केळीची वाडी, थोड्या पानवेली, बांधावर माड. लहानपणापासून ज्या माडांवर चढत आले त्यातल्याच एकावरून पडले होते. चाळिशीही गाठली नव्हती. कमरेखाली काही कळत नव्हतं. मुंबईला न्यायचं का यावर दोन दिवस बोलणं चाललं, मग डॉक्टर म्हणाले, वाटेत धक्के बसतील, इथेच राहू दे. आणि कतरीनबायना त्यांनी एक वाक्य सांगितलं, “मणका मोडलाय. अजिबात हलवू नका.”

ते वाक्य त्या बाईने जसं पाळलं तसं मी कोणालाच काही पाळताना पाहिलेलं नाही. लाल लुगडं, कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि खाटेच्या उशाशी स्टूल. सकाळी सातला यायच्या, संध्याकाळी बाहेर काढेपर्यंत उठायच्या नाहीत. सासूला खाटेच्या कडेवर टेकू द्यायच्या नाहीत, का तर खाट हलते. चादर ओढायला गेलेल्या आयाबाईचा हात त्यांनी धरला. “डॉक्टरांनी हलवायचं नाय सांगितलंय,” म्हणाल्या. वॉर्डातले बाकीचे नातेवाईक त्यांच्याकडे बघून आपापल्या माणसांना सांगायचे, बायको असावी तर अशी. खाली काथ्याची गादी, तिच्यावर मेणकापड, त्याच्यावर बऱ्याचदा ओलसर राहिलेली चादर, आणि तिच्यावर इनास, जसे पहिल्या दिवशी ठेवले होते तसेच उताणे.

मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. शिकताना आम्हाला घोकून घेतलं होतं की अंग न हलवणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर हाडावरची कातडी दबून मरते. मणका मोडलेला माणूसही ओंडक्यासारखा सरळ, मान-पाठ-पाय एका रेषेत धरून तीन-चार जणांनी मिळून कुशीवर करता येतो, आणि करावाच लागतो. पण चाळीस खाटांना आम्ही दोघी. चार माणसं आणायची कुठून, असं आम्ही एकमेकींना म्हणायचो. चार बायका तिथेच बसलेल्या होत्या. कतरीनबाय, फिलू, सासू आणि शेजारची एक बाई, रोज, सकाळपासून, हात मांडीवर ठेवून. त्या मला दिसत होत्या आणि दिसत नव्हत्याही. नातेवाईक म्हणजे गर्दी, वेळ संपली की बाहेर काढायची, एवढंच आम्हाला शिकवलेलं. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकायचा. त्यात कूस बदलल्याची नोंद करायचा रकाना होता. ड्यूटी संपताना मी एका दमात सगळ्या रकान्यांत खुणा करायचे आणि खाली सही करायचे. सगळ्याच करायच्या.

तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला. आम्ही दोघी सिस्टर आणि दोन आयाबाया, अशा चौघींनी मिळून त्यांना पहिल्यांदा कुशीवर केलं. माकडहाडापाशी तळहाताएवढा काळा चट्टा होता आणि त्याच्या कडा सुटल्या होत्या. दोन्ही टाचा तशाच. कतरीनबाय वाकून बघत राहिल्या. “हे कधी झालं? मी तर इथेच होते... मी कोणाला हात पण लावू नाय दिला.” इनासना काहीच जाणवत नव्हतं. बायकोचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, “काय झालं? पाठ माझी हाय, पण मलाच तिचा पत्ता नाय.” कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “बेडसोअर आहे. अशा पेशंटना होतोच.” मी शेजारी उभी होते. होतोच असं नाही, हे मला ठाऊक होतं. मी ड्रेसिंगचा चिमटा पुढे केला.

पुढचे दोन महिने त्या जखमेचे होते. मणका बाजूलाच राहिला. रोज मेलेलं मांस कापायचं, औषधाची पट्टी भरायची. मग थंडी वाजून ताप. कतरीनबाय ड्रेसिंगच्या वेळी दिवा धरायच्या आणि ओठांतल्या ओठांत रोझरी म्हणायच्या. शेवटी शेवटी हाड दिसत होतं. पडल्यामुळे इनास मेले असं पापडीत सगळे समजतात. केसपेपरवरही तसंच काहीतरी लिहिलं गेलं. ते पडल्यामुळे गेले नाहीत.

इनास गेल्याला महिना झाला, चर्चमध्ये त्यांच्या नावाची मिस्सा झाली, त्यानंतर कतरीनबाय एका दुपारी रुग्णालयात आल्या. मी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर डबा खात होते. त्या बसल्या नाहीत. “सिस्टर, एक विचारते. खरं सांगा. त्यांना हलवायचं होतं का?”

मी डबा बंद केला. हो म्हटलं. कसं ते सांगितलं, चार जण लागतात तेही सांगितलं.

“आम्ही चौघी होतो.”

“हो.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

मग त्या बाकावर बसल्या, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर माझ्या अंगावर धावून येतील. दोन्हीपैकी काहीतरी झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “मी त्यांना सासूच्या हाताचा पण धक्का लागू दिला नाय. सगळे मला चांगली बायको म्हणाले...” आणि मग अगदी कोरड्या आवाजात, “माफी मागू नका. ती मला नको. मला शिकवा.”

मी शिकवलं. रविवारी पापडीला त्यांच्या घरी जायचे. फिलू खाटेवर आडवी व्हायची आणि आम्ही दोघी तिला या कुशीवरून त्या कुशीवर करायचो. अंगाखाली जुन्या लुगड्याची घडी घालून तिच्या आधाराने कसं उचलायचं, फरपटत ओढायचं नाही कारण ओढलं की कातडी सोलते, दोन गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी म्हणजे टाचा अधांतरी राहतात. चादरीला सुरकुती नको, ओल नको. लाल दिसलं तर बोटाने दाबून बघायचं, बोट काढल्यावर पांढरं पडलं नाही तर त्या अंगावर अजिबात झोपवायचं नाही. आणि मोडलेल्या हाडाचा रोगी असेल तर आधी आम्हाला विचारायचं. कतरीनबाय मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. काही लिहून घेतलं नाही, पण एकदा सांगितलेलं कधी चुकल्या नाहीत.

त्यानंतर वाडीतली भाजी बाजारात विकून झाली की चारच्या भेटीच्या वेळेला त्या वॉर्डात यायला लागल्या. रिकामी पाटी व्हरांड्यात ठेवायच्या, हातपाय धुवायच्या आणि ज्याच्या खाटेशी बरेच दिवस नातेवाईक बसलेले दिसतील तिथे जायच्या. बोलणं वाडीतलंच. “भोपळा जमिनीला टेकतो तिकडूनच सडतो का नाय? मग आपण काय करतो? खाली पेंढा घालतो, फिरवून ठेवतो. भोपळ्याला करतो ते बापाला का नाय करायचं?” माणसं हसायची आणि उठायची. पुष्कळांपाशी घड्याळ नसायचं. रुग्णालयासमोरून तासातासाला एसटी जायची, तर कतरीनबायनी हिशेब लावून दिला, एक गाडी सोडून दुसरी गेली की कूस. तुम्ही विसरलात तर रोग्याने आठवण करून द्यायची, त्याला तोंड आहे. रोग्यांनाही त्या सांगायच्या, “लाजू नका. मला फिरवा म्हणून मागून घ्या. गप पडून राहणारा रोगी चांगला, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.” वॉर्डात त्यांना ‘कुशीवाली बाय’ नाव पडलं. सात-आठ वर्षं त्या आल्या. या काळात आमच्या वॉर्डात जखमा कमी झाल्या हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याचं श्रेय आम्ही नव्या गाद्यांना देत होतो.

मग हे अधीक्षक आले. त्यांच्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय की ते वाईट डॉक्टर नाहीत. त्यांना प्रश्न आवडत नाहीत. मनवेलपाड्याच्या एका कारकुनाचे वडील लकवा होऊन आले होते. कतरीनबायनी त्या मुलाला सगळं शिकवलं. त्याने एक दिवस राउंडला अधीक्षकांनाच विचारलं, “साहेब, रात्रीच्या चार वेळच्या खुणा इथे आहेत, पण मी इथेच होतो. कूस मीच बदलली. मग सही कोणाची?” वॉर्डात सगळे ऐकत होते. अधीक्षकांनी तक्ता परत खाटेला अडकवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “ही भाजीवाली कोणाच्या परवानगीने पेशंटना हात लावते?”

पंधरा दिवसांत निमित्त मिळालं. मांडीचं हाड मोडलेल्या एका म्हातारीला तिच्या सुनांनी आपापसात ठरवून कुशीवर केलं, ती कळवळली, हाड सरकलं. कतरीनबायनी त्या सुनांना, हिला सिस्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. मी तिथे होते, मी ऐकलं होतं. चौकशी लागली. मला आत बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता. सदर बाई वॉर्डातील कर्मचाऱ्यांच्या परवानगीशिवाय रुग्णांना हात लावते, असं त्यात होतं. मी म्हटलं, “सर, त्या मला विचारतात.” ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही परवानगी देत होतात. कोणत्या अधिकाराने? मग कागद तुमच्या नावाचा करावा लागेल.” त्या वर्षी माझी मोठी मुलगी शाळेत जायला लागली होती. धाकटी अंगावर पीत होती. बदली झाली असती तर कुठे झाली असती, कोण जाणे... ही कारणं खरी आहेत. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने कतरीनबायना फाटकावर अडवलं आणि कागद दाखवला. जबाबही दाखवला, दाखवायची गरज नव्हती तरी. त्यांनी तो सावकाश वाचला. मी पहिल्या मजल्याच्या खिडकीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. पाटी उचलली आणि समोरच्या एसटीच्या थांब्यावर जाऊन बसल्या.

मला वाटलं, घरी जातील. त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा थांब्यावर. रोग्याकडे जाणाऱ्या बायकांना विचारायच्या, “कोण आहे आत? किती दिवस झाले? उठून बसतो का?” आणि तिथेच, बाकावर कोणाला तरी आडवं करून, रस्त्यातून जाणाऱ्यांच्या देखत शिकवायच्या. पावसात छत्री घेऊन शिकवायच्या. माझ्याशी त्या वर्षभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी त्याच थांब्यावर आगाशीच्या गाडीची वाट बघत उभी असायचे, हातभर अंतरावर. त्या बाजूला सरकून मला जागा द्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. एका संध्याकाळी मी न राहवून म्हटलं, “कतरीनबाय, माझा इलाज नव्हता.” त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “तुमचा दोन वेळा इलाज नव्हता, सिस्टर. माझा एकदाच नव्हता, आणि तो मला कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून.” माझी गाडी आली. मी चढले.

पुढे बोलणं सुरू झालं ते रोग्यांपायी. आतल्या कोणाची तरी चिंता लागली की त्या विचारायच्या, “त्या अर्नाळ्याच्या पोरीची टाच बघितली का?” मी बघून दुसऱ्या दिवशी सांगायचे. याहून जास्त नातं आमच्यात राहिलं नाही. मला ते पुरेसं होतं असं नाही. पण जास्त मागायचा हक्क मी घालवला होता.

या वर्षी उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. शेजाऱ्यांनी टेम्पो आणला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरून ठेवली. फिलू समजली. “आमच्या वैनीला तिथे नाय जायचं,” म्हणाली. अकरा आठवडे त्या घरीच होत्या. फिलूने आळीतल्या आणि बाहेरच्या बायकांच्या पाळ्या लावल्या. त्यांतल्या कित्येक जणी आपापल्या माणसांसाठी कधी ना कधी कतरीनबायकडून शिकलेल्या होत्या. कॅथलिक होत्या, हिंदू होत्या, एक तर नालासोपाऱ्याहून यायची. मी रविवारी जायचे.

शेवटच्या रविवारी फिलूने मला म्हटलं, “सिस्टर, वैनीची पाठ बघता?” आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर केलं. मी चष्मा लावून मानेपासून खालपर्यंत बघितलं, माकडहाडावर बोट दाबून बघितलं, खुबे, कोपर, घोटे, टाचा. अकरा आठवडे झोपून असलेल्या, साठीकडे झुकलेल्या बाईच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. आमच्या रुग्णालयात, आताच्या चार परिचारिका आणि नव्या गाद्यांसकट, अशी पाठ मी पाहिलेली नाही. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. आनंद नव्हता. इनासची पाठही अशी राहिली असती. यात औषध नव्हतं, यंत्र नव्हतं, मुंबईचा डॉक्टर नव्हता. कोणीतरी तोंड उघडायचं होतं फक्त. मी त्यांना परत नीट निजवलं. त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होत्या. मला वाटलं... काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. मी कान जवळ नेला. “टाच,” त्या म्हणाल्या. पायाखालची घडी सरकली होती. मी ती नीट केली. त्यानंतर त्यांना झोप लागली. माझ्याशी बोललेला तो शेवटचा शब्द.

शोकसभा झाली. बाह्यरुग्ण विभागातली बाकं ओळीने लावली, टेबलावर फोटो, फोटोला हार. फोटो फिलूकडून मागवला होता, पण फिलू आली नाही. अधीक्षक दहा मिनिटं बोलले. अशिक्षित असूनही सेवाभाव, असं म्हणाले. रुग्णालयाचं आणि गावाचं नातं कसं असावं याचं उदाहरण, असं म्हणाले. मग, सिस्टर, तुम्ही दोन शब्द बोला. मी उभी राहिले. सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, “त्या फार प्रेमळ होत्या,” आणि बसले. ते खरंही नव्हतं. त्या प्रेमळ नव्हत्या, त्या कडक होत्या. चहा-बिस्किटं झाली, बाकं परत जागेवर गेली.

सभा संपल्यावर मी पापडीला गेले. फिलूने कतरीनबायची खोली आवरली होती. खाट उभी करून भिंतीला लावली होती, पण दोरीवर त्या अकरा आठवड्यांत वापरलेल्या लुगड्यांच्या घड्या तशाच होत्या, धुऊन, उन्हात वाळवून, सुरकुती न ठेवता लावलेल्या. कोणाला लागल्या तर असू देत, फिलू म्हणाली. त्यातल्या दोन मी मागून घेतल्या.

सोमवारी त्या घेऊन वॉर्डात गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर मिठागरात काम करणारा एक माणूस होता. बायको उशाशी बसलेली, हातात पंखा. बारा दिवस ती तशीच बसली होती आणि बारा दिवस मी तिच्यासमोरून इंजेक्शनचा ट्रे घेऊन जात होते. मी त्या माणसाचा पाय उचलला. टाचेवर काळा डाग पडला होता.

मी तिला म्हटलं, “बाई, हे याच्या आजाराने झालेलं नाही. आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही म्हणून झालंय. मी सांगितलं नाही.” हे मी मोठ्याने म्हटलं. दुसरी सिस्टर वळून बघायला लागली. आता हे छापून आल्यावर मला आत बोलावतील, समोर पुन्हा टाइप केलेला कागद असेल. असू दे. या वेळी सही करायची नाही, एवढं मी ठरवलंय. पण मी याआधीही बरंच काही ठरवलेलं आहे, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्या बाईने डागाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, शिवी देईल. तिने पंखा खाली ठेवला, उठली, पदर कमरेला खोचला.

“कुठं धरू, ते सांगा,” ती म्हणाली.